लस, मका आणि फॅब्रिशियसची पिशवी

राणीखेतची लस वेळापत्रकाबरहुकूम देऊनही कोंबड्यांना मानमोडी का व्हावी, आणि मेलेला पक्षी फाडून पाहता त्याचे यकृत पिवळट व ठिसूळ का निघावे, असा प्रश्न इंदापूर तालुक्यातील एका कुक्कुटपालकाने पत्राने विचारला आहे. अशा प्रसंगी लसीवर ठपका ठेवण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. परंतु लस सर्वथा निर्दोष असूनही निष्फळ ठरावी, असे कारण कित्येकदा खाद्याच्या पोत्यातच दडलेले असते. ते म्हणजे मक्यावर वा पेंडीवर वाढणाऱ्या बुरशीचे विष, अफ्लाटॉक्सिन. १९६० साली इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्कीची पिल्ले अज्ञात रोगाने दगावली, तेव्हा तपासाअंती ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत हे विष प्रथम हाती लागले.

ही बुरशी लसीच्या आड कशी येते, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. पक्ष्याच्या गुदद्वाराच्या वरच्या अंगास एक लहानशी पिशवी असते. पादुआचा शरीरशास्त्रज्ञ फॅब्रिशियस, विल्यम हार्वेचा गुरू, याने तिचे वर्णन करून ठेवले, आणि पुढे तीन शतके तिचे प्रयोजन कोणालाही उमगले नाही. अमेरिकेतील ओहायो येथे ब्रूस ग्लिक नावाच्या तरुण संशोधकाने पिल्लांची ती पिशवी काढून पाहिली, तरी पिल्ले सुखेनैव वाढली. मात्र प्रतिद्रव्ये कशी निर्माण होतात हे विद्यार्थ्यांना दाखविण्यासाठी त्याच्या एका सहाध्यायाने जे पक्षी उसने नेले, त्यांत हे पिशवीविहीन पक्षीही होते, आणि जंतूंचे इंजेक्शन देऊनही त्यांच्या रक्तात प्रतिद्रव्ये उमटेनात! ज्या शोधावर आजचे रोगप्रतिकारशास्त्र उभे आहे, तो एका नामांकित नियतकालिकाने साभार परत केला, आणि अखेर १९५६ साली तो कोंबड्यांच्या शास्त्राला वाहिलेल्या नियतकालिकात छापून आला. माणसांच्या वैद्यकाने कोंबडीचे हे ऋण कधी मोकळ्या मनाने मान्य केले आहे, असे निदान मला तरी दिसलेले नाही.

लसीचे काम याच प्रतिद्रव्यांवर चालते, आणि अफ्लाटॉक्सिन नेमकी हीच पिशवी खंगवते. यकृतातील विकरे या विषाचे अधिक उग्र रूप तयार करतात, ते पेशीतील डीएनएला चिकटते, प्रथिनांची निर्मिती मंदावते, रक्त गोठण्यास विलंब लागतो आणि मांड्यांवर निळेकाळे डाग पडतात. बदकाच्या वा टर्कीच्या पिल्लांच्या मानाने कोंबडी चिवट असल्यामुळे ती सहसा तडकाफडकी मरत नाही. तिचे वजन खुंटते, अंडी घटतात, आणि दिलेली लस अंगी लागत नाही. नुकसान होते, पण दप्तरी नोंद मानमोडीची पडते.

यावर उपाय म्हणून विषबंधक भुकटीच्या पुड्या मुबलक विकल्या जातात. त्यांतील बेंटोनाइट ही माती खरोखर गुणकारी आहे. तिच्यातील खनिजाचे थर पोथीच्या पानांसारखे रचलेले असून अफ्लाटॉक्सिनचा चपटा रेणू त्यांच्यामध्ये अडकून विष्ठेवाटे बाहेर पडतो. (आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पाडणारे खनिजही याच घराण्यातले.) परंतु मूत्रपिंडे बिघडविणारे ऑक्राटॉक्सिन किंवा चोचीत व्रण पाडणारे टी-२ ही विषे या मातीला फारशी जुमानत नाहीत, तेव्हा एकाच पुडीत सर्व विषांचा बंदोबस्त असल्याची जाहिरात बेलाशक खोटी समजावी.

खरा बंदोबस्त खळ्यावरच व्हायला हवा. परतीच्या पावसात भिजलेली कणसे नीट न वाळवता थप्पीला लावली, आणि दाण्यातील ओल शेकडा चौदाच्या वर राहिली, की बुरशीचे फावते. पुढे खाद्य कितीही तापवून त्याच्या गोळ्या पाडल्या तरी विष बहुतांशी कायम राहते, आणि दाणा वरून स्वच्छ दिसला म्हणजे तो निर्विष असतो असेही नाही. भारतीय मानकानुसार कोंबडीखाद्यात अफ्लाटॉक्सिन बी-१ ची कमाल मर्यादा शंभर कोटी भागांत वीस भाग इतकी आहे, आणि हे विष थोड्याच दाण्यांत एकवटलेले असल्यामुळे एका पोत्याचा दाखला साऱ्या थप्पीला लागू पडत नाही. म्हणून पत्रलेखकाने निरनिराळ्या पोत्यांतून, वरून, मधून आणि तळातून मूठमूठ दाणे काढून, एकत्र भरडून, तो नमुना प्रयोगशाळेकडे धाडावा. लसीच्या कुपीविरुद्ध तक्रार करावयाची ती त्याचा निकाल हाती आल्यावर.