सबबींचं गाणं

नायजेरियातला भ्रष्टाचार लोकांना गायक फेला कुटीच्या गाण्यांमुळे कळला, असं म्हणता येणार नाही. तेलाचा पैसा कुठे मुरतो, हे लागोसच्या बसमध्ये लोंबकळणाऱ्यालाही ठाऊक होतं. ठाऊक असूनही तो गप्प बसे, आणि फेलाचा रोख होता तो या गप्प बसण्यावर. त्याच्या गाण्याची घडण लक्ष देऊन ऐकली की हे उमगतं. १९७६चं ‘झोंबी’ बारा मिनिटांहून लांब आहे. फेला गायला लागण्याआधी गिटार, टोनी ॲलनचे ड्रम आणि सॅक्सोफोन कितीतरी मिनिटं ताल घोटत राहतात. तोवर ऐकणाऱ्याचे पाय त्यात गुंतलेले असतात. मग तो कवायतीचे हुकूम सोडत जातो आणि कोरस ‘झोंबी’ हा एकच शब्द परतवत राहतो. पोवाड्यातल्या झीलकऱ्यांसारखाच हा कोरस कुणालाही उचलता येतो. भाषा पिजिन, म्हणजे योरुबा न येणाऱ्यालाही कळणारी.

सैनिकांना असं हुकमाचे ताबेदार म्हणून हिणवलेलं लष्कराला झोंबलं. १८ फेब्रुवारी १९७७ रोजी सुमारे हजार सैनिकांनी फेलाची कलाकुटा वसाहत जाळली. त्याच्या वृद्ध आईला, स्त्री-चळवळीतल्या फुनमिलायो रॅन्सम-कुटींना, खिडकीतून खाली फेकलं. पुढच्या वर्षी त्या गेल्या. सरकारी चौकशीत दोषी ठरला ‘अज्ञात सैनिक’. पण मला ‘झोंबी’हून धाडसाचं वाटतं ते १९७७चं ‘सॉरो टिअर्स अँड ब्लड’. त्यात पोलिसांच्या मारासोबत तो आपल्याच माणसांच्या सबबीही मोजतो: घरी आई आहे, मूल आहे, घर बांधायचंय, मरायचं नाहीये.

यावर आक्षेप येतो की लोक नाचले, राग निवला, सत्ता तशीच राहिली. शेवटची लष्करी राजवट १९९९मध्ये संपली, फेला १९९७मध्येच वारला. हे नाकारता येत नाही. त्याच्या गाण्यांतली स्त्रियांबद्दलची दृष्टीही समर्थनीय नाही. पण राग निवण्याचा मुद्दा मला पटत नाही. राग निवतो तो दोष सगळा दुसऱ्याचा असेल तेव्हा. इथे नाचणाऱ्याच्या कानावर स्वतःचीच सबब पडते, तीही तालासुरात. शिवाय गाणं निरुपद्रवी असतं, तर हजार सैनिक धाडावे का लागले? २०२०च्या ऑक्टोबरात पोलिसांच्या ‘सार्स’ पथकाविरुद्ध तरुण रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांच्या मोर्च्यांत फेलाची गाणी वाजत होती, आणि त्यांतल्या अनेकांचा जन्म त्याच्या मृत्यूनंतरचा होता.