साहागुनच्या हस्तलिखितातला मिरचीवाला

मोले पोब्लानोची जन्मकथा मेक्सिकोत घरोघरी ठाऊक आहे. पुएब्ला शहरातला सान्ता रोसा मठ, बडा पाहुणा येणार म्हणून उडालेली धांदल आणि सोर आंद्रेआ दे ला असुन्सिओन या ननने वाळक्या मिरच्या, मसाले, थोडं चॉकलेट एकत्र वाटून केलेला टर्कीचा दाट रस्सा. मठाचं फरश्यांनी मढवलेलं देखणं स्वयंपाकघर आजही पाहुण्यांना दाखवतात. मला मात्र ही कथा कधीच पटली नाही. वाळक्या मिरचीचं इतकं बारीक ज्ञान एका दुपारच्या धांदलीतून येत नाही.

ते कुठून आलं, हे शोधताना मी फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक बेर्नार्दिनो दे साहागुन यांच्या हस्तलिखितापाशी पोचले. 1529 साली मेक्सिकोत आलेल्या या माणसाने आंतोनियो व्हालेरियानो, मार्तिन हाकोबिता अशा नाहुआ या तिथल्या मूळ समाजातल्या विद्वानांच्या मदतीने बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. 1576 च्या भीषण साथीत माणसं पटापट मरत असताना त्लातेलोल्कोला त्याची चित्रं रंगवली जात होती. हस्तलिखित आज फ्लॉरेन्समध्ये आहे. आता ते घरबसल्या वाचता येतं.

आठव्या खंडात नाहुआ राजघराण्याच्या जेवणात तांबडी मिरची, टोमॅटो आणि वाटलेल्या भोपळ्याच्या बिया घालून केलेली टर्की आहे. मठ उभा राहण्याच्या कितीतरी आधीची! पण मला खिळवून ठेवलं ते दहाव्या खंडातल्या मिरचीवाल्याने. चांगल्या मिरचीवाल्याकडे काय काय असतं त्याची यादीच आहे: सौम्य, जहाल, रुंद, बारीक, पिवळी, धुरावलेली, शिवाय वाश्तेपेक, मिचोआकान अशी गावा-मुलखांची नावं. मग येतो लबाड मिरचीवाला. तो कुबट वासाची, सडकी मिरची खपवतो, दलदलीच्या जमिनीतली बेचव मिरची विकतो, भुसा-चाळण गळ्यात मारतो. गिऱ्हाईक पारखी असल्याशिवाय लबाडीचे इतके प्रकार नोंदले जात नाहीत. माझ्या लेखी हा उतारा मठाच्या कथेपेक्षा कितीतरी मोलाचा पुरावा आहे.

ती पारख आजच्या स्वयंपाकातही लागते. पोब्लानो मिरची पिकून वाळली की आंचो होते, मनुकांसारखी गोडसर. मुलातो तिची काळपट बहीण. चिलाका वाळून पासिया होते. मात्र कुठे कुठे आंचोच पासिया म्हणून विकतात, तेव्हा नावावर जाऊ नये. ग्वाहियोची साल चिवट, म्हणून वाटण गाळावंच लागतं. हालापेन्योचा गर जाड. उन्हात सुकण्याआधी तो बुरसतो, म्हणून धुरावर वाळवतात, तीच चिपोत्ले. आपण रंगाला बेडगी आणि तिखटाला लवंगी घेतो. तिथे एकेका मिरचीकडून गोडवा, कडवटपणा, धूर असं निरनिराळं काम करून घेतात.

कृती सोपी वाटते, पण चुकायला फार वाव आहे. देठ-बिया काढून मिरची तव्यावर काही क्षणच दाबायची; वास सुटला की उचलायची, काळी पडली तर रस्सा कडू. मग गरम पाण्यात मऊ करून वाटायची. पूर्वी हे काम मेताते नावाच्या तीन पायांच्या उतरत्या पाट्यावर, गुडघे टेकून बाया करायच्या. शेवटी वाटण चरबीत परतायचं, रंग गडद होईपर्यंत. डुकराची चरबी, तीळ, बदाम, दालचिनी, लवंग ही स्पॅनिश अमदानीची भर. मठांचं तेवढं श्रेय मला मान्य आहे. पण मोलेचा देह मिरचीचाच. चॉकलेट त्यात थोडंच असतं, तरी परदेशात नाव त्याचंच होतं, याचा मला राग येतो.

ओआहाकाच्या मोले नेग्रोला चिलवाक्ले नेग्रो लागते. ती त्या राज्यातल्या कान्यादा भागातली. पिकवणारे थोडे, भाव चढे, म्हणून पुष्कळ घरांत तिच्या जागी ग्वाहियो घालतात. साहागुनच्या लेखनिकांनी मिरचीपुढे तिचा मुलूख लिहिला होता. आजच्या पाककृतींच्या पुस्तकांत मात्र बदली मिरची सांगतात आणि कान्यादाचं नाव गाळतात.