खोगीरभरती आणि वीस टक्क्यांचा हिशेब

‘खोगीरभरती’ म्हणजे निरुपयोगी माल, हा अर्थ मराठीत इतका रुळला आहे की खोगिरातल्या खऱ्या भरावाची कुणाला आठवणही राहिलेली नाही. लोकर, चिंध्या, गवत असं काहीबाही त्यात कोंबतात, म्हणून बिचाऱ्याची ही बदनामी. पण तोच भराव एका जागी गाठाळला तर दोन-तीन तासांत घोड्याची पाठ सोलवटते. तो निरुपयोगी मुळीच नाही. नको तो माल असतो तो खोगिराला लटकवलेल्या खुर्जीत. दिवसभराच्या रपेटीला निघणारा माणूस आधी ‘मला काय काय लागेल’ याची यादी करतो आणि मग ती घोड्यावर लादतो. हा क्रमच उलटा आहे. आधी घोड्याची पाठ किती पेलते ते बघावं आणि उरलेल्या जागेत आपल्या गरजा बसवाव्यात.

एवढ्या मोठ्या जनावराला चार-पाच किलोने काय फरक पडतो, हा पहिला समज. राजस्थानातल्या शेखावाटीत मारवाडी घोड्यांवरून दिवसभराच्या सफरी निघतात आणि त्यांत मराठी पर्यटकही असतात, म्हणून तिथलाच हिशेब मांडू. घोडा ३७० किलोचा धरा. वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत भार घालावा हा जगभर मानला जाणारा ढोबळ नियम लावला, तर ७४ किलो होतात. त्यांत स्वाराचे ६२ आणि खोगीर, रिकिबी, लगाम मिळून ९ वजा केले की उरतात ३ किलो. दोन लिटर पाण्यातच त्यातले दोन संपले. हा नियम हवेतून आलेला नाही. २००८ साली अमेरिकेत ओहायोतल्या संशोधकांनी आठ घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या १५, २०, २५ आणि ३० टक्के भार घालून त्यांना पाऊण तास चालवलं, पळवलं. २५ टक्क्यांपासून नाडीचे ठोके वाढलेले दिसले आणि ३० टक्क्यांना पाठीचे स्नायू दुखल्याची चिन्हं ठळक झाली. आठ घोडे म्हणजे फार नव्हेत, आणि रुंद कमरेचा, कसलेला घोडा थोडं जास्त पेलतो हेही खरं. पण तो प्रयोग पाऊण तासाचा होता आणि आपण बोलतोय सात-आठ तासांबद्दल. तेव्हा सूट घ्यायची असेल तर ती खालच्या बाजूला घ्यावी.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे घोडदळाचा. पूर्वीचे स्वार हत्यारं, पांघरूण, दाणा सगळं घेऊन कोसच्या कोस जात, मग आताचे घोडे काय नाजूक झाले? जात असत, पण त्याची किंमतही मोजत असत. बोअर युद्धात ब्रिटिश स्वाराचा साहित्यासह भार सव्वाशे किलोच्या घरात जाई आणि त्या युद्धात ब्रिटिशांच्या बाजूचे तीन लाखांहून अधिक घोडे मेले. त्यांतले बहुतेक गोळीने नव्हे, तर अतिभार, उपासमार, रोगराई आणि विश्रांतीचा अभाव यांमुळे. दक्षिण आफ्रिकेतल्या पोर्ट एलिझाबेथ शहरात १९०५ साली त्या घोड्यांचं स्मारक उभं राहिलं. त्यात सैनिक घोड्यासमोर गुडघा टेकून पाण्याची बादली पुढे करतो आहे. त्याच्या हाती तलवार नाही, बादली आहे.

दुसरी भलावण उलट बाजूने होते. मराठा स्वार म्हणे काहीच न घेता दौडत, आपणही मोकळंच जावं. मराठी घोडदळ हलकं होतं हे खरंच, पण त्याचं हलकेपण एकट्या स्वाराचं नव्हतं. सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना दिली आहे. तीत दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला दिसतो. म्हणजे पाणी आणि खूर या दोन काळज्या स्वाराच्या खुर्जीतून काढून दुसऱ्यांवर सोपवल्या होत्या. कॅलिफोर्नियात १९५५ पासून चालत आलेल्या टेव्हिस कप या शंभर मैलांच्या शर्यतीतही स्वार जवळजवळ रिकामे दिसतात, कारण टप्प्याटप्प्यावर त्यांची माणसं, चारा आणि पशुवैद्य उभे असतात. ज्याच्यामागे असा लवाजमा नाही, त्याने पखालजी आणि नालबंद या दोघांचा अगदी छोटा अवतार सोबत ठेवावा. नालबंदाच्या जागी खुरातला खडा काढायचा लोखंडी आकडा पुरतो. नालेच्या कडेला अडकलेला हरभऱ्याएवढा खडा तसाच राहिला, तर पुढचे दहा किलोमीटर घोडा लंगडतो. पखालजीच्या जागी घडी होणारी कापडी बादली किंवा निदान दोरी बांधलेला एक स्पंज. पल्ल्याच्या शर्यतीतले स्वार चालत्या घोड्यावरून तो ओढ्यात सोडतात, भिजला की वर ओढतात आणि घोड्याच्या मानेवर पिळतात. न उतरता काम होतं आणि वजन नसल्यासारखंच.

पाण्याचा विषय निघालाच आहे, तर सगळ्यांत चिवट गैरसमज इथेच आहे. घामाघूम घोड्याला पाणी पाजलं तर पोटशूळ उठतो, अंगावर गार पाणी ओतलं तर स्नायू आखडतात, असं अनेक जण सांगतात आणि तापलेल्या जनावराला तहानलेलं ठेवतात. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकआधी दमट उकाड्यात घोडे कसे सांभाळायचे यावर मुद्दाम संशोधन झालं. त्यात गार पाण्याने वारंवार भिजवणं सुरक्षित तर ठरलंच, शिवाय अंगातली उष्णता उतरवण्याचा तोच परिणामकारक उपाय दिसला. पिण्याचंही तसंच. कष्टात आणि उन्हात घोडा तासाला दहा-पंधरा लिटर घाम गाळू शकतो आणि तो घाम त्याच्या रक्तद्रवापेक्षा खारट असतो. पाण्याबरोबर क्षारही एवढे गेल्यामुळे शरीराला तहानेची खूणच नीट मिळत नाही. पाणवठा दिसेल तिथे थांबावं. घोड्याने तोंड लावलं नाही तरी दोन मिनिटं थांबावं, ओढू नये. मीठ-क्षारांची पुडी न्यायची तर घोडा पाणी पितो आहे याची खात्री असेल तरच द्यावी, कोरडी देणं घातकच. तोबऱ्यात किलोभर चंदी नेण्याचा आग्रहही सोडावा. दुपारी पोटभर दाणा घालून लगेच पुन्हा चालवण्यापेक्षा थांब्यावर वीस मिनिटं चरू दिलेलं घोड्याच्या पोटाला अधिक मानवतं.

राहिला प्रश्न सामान बांधायचं कुठे. गाढवाला भार नको म्हणून गाठोडं स्वतःच्या डोक्यावर घेऊन गाढवावर बसणाऱ्या माणसाच्या गोष्टीला सगळे हसतात. पाठीवर भरलेली सॅक घेऊन घोड्यावर बसणारा दुसरं काय करतो? वजन घोड्यावरच येतं, शिवाय दुडक्या चालीत सॅक आपटत राहते आणि स्वाराचा तोल बिघडतो. जड वस्तू खोगिराच्या पुढच्या अंगाला, दोन्ही बाजूंना सारख्या. मागच्या बाजूला फक्त पावसाळी कोट किंवा तत्सम हलकं काही, कारण खोगिरामागे कंबर येते आणि तिला फासळ्यांचा आधार नसतो. डावी-उजवी खुर्जी हातांनी तोलून बघितलेली बरी. एकीकडे पाण्याची बाटली आणि दुसरीकडे रुमाल असला तर खोगीर हळूहळू सरकतं, आणि लोक मात्र तंग सैल आहे म्हणून तो आवळत राहतात.

एक गोष्ट मात्र खुर्जीत कधीच नको, ती म्हणजे मोबाइल. स्वार पडला की घोडा थांबेलच असं नाही, आणि तो गेला तर फोनही त्याच्याबरोबर जातो. फोन, चाकू, स्वतःची औषधं आणि घरचा नंबर लिहिलेला कागद अंगावरच, खिशात. पायात जाड खाचांच्या तळव्याचे ट्रेकिंगचे बूट नकोत, पाय रिकिबीत अडकतो. छोटी टाच असलेला गुळगुळीत तळव्याचा बूट हवा. आणि लगामाखाली म्होरकी घालून सोबत एक दोरी ठेवावी. दुपारी झाडाखाली घोडा लगामानेच बांधला आणि पाखरू फडफडल्याने तो बिचकून मागे सरला, तर चामडं तुटतं नाहीतर लोखंडी कडी त्याचं तोंड फाडते. म्होरकीची दोरी अशा गाठीने बांधायची की मोकळं टोक ओढताच ती सुटेल.