चंचल मूल आणि झिंकची बाटली

मुलगा वर्गात लक्ष देत नाही, अशी शाळेतून दुसऱ्यांदा तक्रार आली की घरात टॉनिकचा शोध सुरू होतो. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी झिंकचे सिरप सुचवते, मेडिकलवाला मॅग्नेशियमच्या गोळ्या पुढे करतो. पण अशा बाटलीने एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणे आणि अतिचंचलतेचा विकार, बरा होतो का? नाही. मात्र खनिजांचा आणि लक्षाचा काहीच संबंध नाही, असेही नाही.

मेंदूत डोपामाइन तयार व्हायला लोह लागते आणि लक्ष टिकवण्यात डोपामाइनचा मोठा वाटा असतो. 2004 मध्ये पॅरिसच्या डॉ. एरिक कोनोफाल यांच्या गटाने एडीएचडी असलेल्या 53 मुलांचे रक्त तपासले. त्यातल्या 84 टक्के मुलांमध्ये फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, कमी निघाला. तुलनेसाठी घेतलेल्या मुलांमध्ये हे प्रमाण 18 टक्के होते. पुढे 2008 मध्ये साठा कमी असलेल्या 23 मुलांवर 12 आठवडे लोहाचा प्रयोग झाला. एका मोजमापात लक्षणे कमी झाली, पण पालक आणि शिक्षकांनी भरलेल्या दुसऱ्या प्रश्नावलीत ठोस फरक दिसला नाही. इतक्या थोड्या मुलांवरून सगळ्यांनाच लोह द्या, असे कसे म्हणणार?

झिंकचेही तसेच. तुर्कस्तानातील 400 मुलांच्या अभ्यासात झिंकने चंचलता कमी झाली, लक्ष मात्र सुधारले नाही. अमेरिकेत 2011 मध्ये 52 मुलांच्या अभ्यासात नुसत्या झिंकचा आठ आठवड्यांत उपयोग झाला नाही. मॅग्नेशियमचा पुरावा तर याहून दुबळा आहे.

आपल्याकडे मात्र लोहाचा प्रश्न वेगळ्या कारणाने महत्त्वाचा आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार पाच वर्षांखालील 67 टक्के मुलांना रक्तक्षय आहे. लोह कमी असलेले मूल चिडचिडे होते, लवकर थकते, त्याचे लक्ष उडते. त्यामुळे बाटली आणण्याआधी बालरोगतज्ज्ञांना हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनच्या तपासणीबद्दल विचारा. हिमोग्लोबिन ठीक असूनही साठा रिकामा असू शकतो. मूल तापाने आजारी असताना ही तपासणी नको, कारण तेव्हा फेरिटिन वाढलेले दिसते.

कमतरता निघाली तर डॉक्टर सांगतील तेवढेच लोह द्या. सरकारी शाळेत दर आठवड्याला लोहाची गुलाबी किंवा निळी गोळी मिळत असेल, तर तेही त्यांना सांगा. लोहाच्या गोळ्या कुलपात ठेवा. लहान मुलाने मूठभर गिळल्या तर जिवावर बेतू शकते. झिंक दीर्घकाळ जास्त दिले तर शरीरातले तांबे कमी होते. 'नैसर्गिक' असे लेबल असले तरी हे टळत नाही.

टॉनिकची वाट पाहण्यात मुलाचे शाळेचे वर्ष निघून जाते, हे नुकसान बिलात दिसत नाही. लक्षणे सहा महिन्यांहून अधिक काळ, घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसत असतील, तर बालमानसतज्ज्ञांकडे जा. सहा वर्षांखालील मुलांसाठी आधी आईवडिलांना वागणूक हाताळण्याचे प्रशिक्षण दिले जाते. त्याहून मोठ्यांसाठी गरजेनुसार औषधही असते. औषध आधीच सुरू असेल, तर सिरपच्या भरवशावर ते स्वतःहून बंद करू नका. भेटीला जाताना शिक्षकांनी लिहिलेली निरीक्षणे आणि सध्या देत असलेल्या सगळ्या टॉनिकच्या बाटल्या सोबत न्या.