ॲल्युमिनियमचे सांधकाम आणि सुटसुटीत टिग यंत्र

तालुक्याच्या गावी बाजाराच्या रस्त्यावर वेल्डिंगचे एखादे दुकान हमखास आढळते. ट्रॅक्टरची ट्रॉली, शाळेचे फाटक, घराची जाळी, पाण्याच्या टाकीचा सांगाडा अशी लोखंडाची नाना कामे तेथे होतात. परंतु दूध वाहून नेण्याचा ॲल्युमिनियमचा कॅन गळू लागला, इंजिनाचे ॲल्युमिनियमचे आवरण तडकले किंवा हलक्या शिडीचा सांधा निखळला, की तेच दुकान बहुधा काम परत पाठविते. मग ती वस्तू जिल्ह्याच्या ठिकाणी अथवा औद्योगिक वसाहतीत पाठवावी लागते, नाहीतर भंगारात जाते. कारागिराच्या अंगी कसब नसते असे नाही. लोखंड जोडणाऱ्या साध्या यंत्राने ॲल्युमिनियम समाधानकारकपणे जोडता येत नाही, हे त्याचे मुख्य कारण होय.

ही अडचण दूर करणारे यंत्र आता सुटकेसच्या आकारात मिळू लागले आहे. एका माणसाने उचलून नेता येईल असे आणि एकेरी फेजच्या विजेवर चालणारे हे टिग यंत्र लहान कारखानदाराच्या आवाक्यात येत आहे. तथापि केवळ यंत्र आणल्याने सांधा पक्का होत नाही. वीज, वायू, स्वच्छता आणि शिक्षण या चार गोष्टींची सोय यंत्राबरोबरच करावी लागते. कर्जप्रकरणे तपासणारे अधिकारी, तंत्रशिक्षण देणारे शिक्षक आणि पंचायतीसाठी साहित्य खरेदी करणारे सदस्य या सर्वांनी हा विषय समजून घेणे म्हणूनच उपयुक्त ठरेल.

ॲल्युमिनियम अवघड का?

विद्युत विघटनाने ॲल्युमिनियम स्वस्तात काढण्याची रीत १८८६ मध्ये अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी स्वतंत्रपणे शोधून काढली. पोलादाच्या सुमारे एकतृतीयांश वजनाचा आणि सहसा न गंजणारा हा धातू त्यानंतर भांड्यांपासून विमानांपर्यंत सर्वत्र पोहोचला. मात्र तो जोडणे लोखंडाइतके सोपे नाही.

पहिली अडचण पृष्ठभागाची आहे. ॲल्युमिनियमला हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, पण चिवट थर जमतो. धातूला गंजण्यापासून वाचविणारा हाच थर सांधकामात आडवा येतो. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते. त्यावरील ऑक्साइड वितळण्यास मात्र २,००० अंशांहून अधिक तापमान लागते. परिणामी आतला धातू पाण्यासारखा पातळ झाला तरी वरची साय फुटत नाही आणि दोन कडा एकजीव होत नाहीत.

दुसरी अडचण उष्णतेची. साध्या पोलादाच्या मानाने ॲल्युमिनियम उष्णता चौपटीहून अधिक वेगाने वाहून नेते. आरंभी सांध्याला पुरेशी उष्णता मिळत नाही. काही क्षणांनी संपूर्ण तुकडा तापला की तीच उष्णता जास्त होऊन पत्र्याला भोक पडते. शिवाय लोखंड जसे तांबडे-पिवळे होऊन आपली अवस्था दर्शविते, तसे ॲल्युमिनियम दर्शवीत नाही. रंग न बदलताच ते एकाएकी ढासळते.

तिसरी अडचण छिद्रांची. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये हायड्रोजन सहज विरघळतो. धातू थिजताना तो बाहेर पडू पाहतो आणि आतच अडकला तर सांध्यात बारीक छिद्रे राहतात. हा हायड्रोजन येतो तो ओलावा, तेल व ग्रीस यांतून. कोकणात पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेली भरणाची सळईदेखील सांधा बिघडविण्यास पुरेशी होते.

टिग पद्धती

टिग हे टंगस्टन इनर्ट गॅस या नावाचे संक्षिप्त रूप आहे. या पद्धतीत टंगस्टनचे न झिजणारे अग्र आणि जोडावयाचा धातू यांच्यामध्ये विजेची प्रज्योत पेटविली जाते. टंगस्टनचा वितळबिंदू ३,४०० अंश सेल्सिअसहून अधिक असल्याने ते टिकून राहते. प्रज्योतीभोवती आर्गॉन या अक्रिय वायूचे आवरण असते, त्यामुळे वितळलेल्या धातूला हवा लागत नाही. भरणाची सळई कारागीर दुसऱ्या हाताने घालतो. अमेरिकेतील नॉर्थ्रॉप विमान कंपनीतील रसेल मेरेडिथ यांनी १९४१ मध्ये हेलियम वायूच्या साहाय्याने मॅग्नेशियम जोडण्यासाठी ही पद्धती सिद्ध केली. पुढे आर्गॉनचा वापर रूढ झाला.

त्यापूर्वी ॲल्युमिनियमचे सांधे मुख्यतः गॅसच्या ज्योतीने व फ्लक्स लावून केले जात. ते काम आजही काही ठिकाणी चालते. परंतु फ्लक्सचा अंश धुऊन काढला नाही, तर तोच पुढे सांध्याला खातो. टिगमध्ये फ्लक्स लागत नाही, हा तिचा मोठा गुण होय.

मग ऑक्साइडचा थर कसा निघतो? येथे विजेच्या दिशेचे महत्त्व आहे. टंगस्टन ऋण असेल तेव्हा बहुतेक उष्णता कामाच्या धातूत जाते, पण वरचा थर तसाच राहतो. टंगस्टन धन असेल तेव्हा थर फुटून दूर होतो, पण टंगस्टनच तापून वितळू लागते. यावर उपाय म्हणजे दिशा सतत बदलणारा, अर्थात प्रत्यावर्ती प्रवाह. एका अर्ध्या फेरीत सफाई आणि दुसऱ्या अर्ध्या फेरीत तापविणे, असे काम आळीपाळीने चालते.

यावरून खरेदी करणाराने एक खूणगाठ बांधावी. बाजारात टिग म्हणून विकली जाणारी पुष्कळ स्वस्त यंत्रे केवळ एकदिश प्रवाह देतात. स्टेनलेस स्टीलसाठी ती उत्तम, पण ॲल्युमिनियमच्या नेहमीच्या कामाला निरुपयोगी होत. यंत्रावर एसी व डीसी असे दोन्ही प्रवाह स्पष्टपणे नमूद आहेत काय, हे प्रथम पाहावे.

यंत्र लहान कसे झाले?

जुन्या टिग यंत्रांत ५० हर्ट्झच्या विजेवर चालणारे अवजड रोहित्र असे. अशा यंत्राचे वजन सहज शंभर किलोग्रॅमच्या वर जाई. १९८० नंतरच्या दशकांत इन्व्हर्टर तंत्राचा प्रसार झाला. या तंत्रात येणारी वीज प्रथम एकदिश केली जाते आणि नंतर अर्धवाहक स्विचांच्या साहाय्याने सेकंदाला हजारो वेळा तोडली-जोडली जाते. वारंवारता जितकी अधिक, तितके त्याच शक्तीसाठी लागणारे रोहित्र लहान. त्यामुळे २०० अँपिअर देणारी आजची अनेक यंत्रे २० ते २५ किलोग्रॅम वजनाची असतात.

लहान आकार हा केवळ एक लाभ झाला. या यंत्रांत सफाई व तापविणे यांचे प्रमाण कारागिराला स्वतः ठरविता येते. जुन्या यंत्रांत दोन्ही भाग बहुधा जवळपास समसमान असत. आता स्वच्छ पत्र्यासाठी तापविण्याचा भाग ७० टक्क्यांच्या आसपास ठेवता येतो. प्रवाहाची वारंवारता वाढवून प्रज्योत अरुंद करता येते, तेव्हा कोपऱ्यातला बारीक सांधाही नेमका बसतो. शेवटी प्रवाह हळूहळू उतरविण्याची सोय असल्याने सांध्याच्या टोकाला पडणारी चीर टाळता येते. पायाच्या पेडलने काम चालू असतानाच प्रवाह कमी-अधिक करता येतो. लवकर तापणाऱ्या ॲल्युमिनियमसाठी हे पेडल चैनीची नव्हे, गरजेची वस्तू आहे.

क्षमतेचा हिशेब

ॲल्युमिनियमच्या दर मिलिमीटर जाडीस साधारणपणे ४० अँपिअर, असा ढोबळ ठोकताळा आहे. तीन मिलिमीटरच्या पत्र्यास सुमारे १२० अँपिअर लागतात. २०० अँपिअरच्या यंत्राने पाच मिलिमीटरपर्यंतची कामे व्यवस्थित होतात.

यंत्रावर लिहिलेले कार्यचक्रही वाचले पाहिजे. २०० अँपिअरला ४० टक्के याचा अर्थ दहा मिनिटांपैकी चार मिनिटे प्रज्योत आणि सहा मिनिटे विश्रांती. हे आकडे सामान्यतः ४० अंश सेल्सिअस हवामान गृहीत धरून दिलेले असतात. नागपूर-चंद्रपूरकडे उन्हाळ्यात पारा त्याहून वर चढतो, तेव्हा पत्र्याच्या छपराखाली तेच यंत्र लवकर थकते. अशा ठिकाणी थोडे अधिक क्षमतेचे यंत्र घेणे हिताचे.

विजेचा हिशेब असा. २०० अँपिअरला प्रज्योतीचा दाब सुमारे १८ व्होल्ट धरला, तर ३,६०० वॅट शक्ती लागते. यंत्राची कार्यक्षमता ८० टक्के मानल्यास ४,५०० वॅट घ्यावे लागतात, म्हणजे २३० व्होल्टला सुमारे २० अँपिअर. यंत्राचा पॉवर फॅक्टर ०.७ असेल, तर हाच आकडा २८ अँपिअरवर जातो. घरगुती १६ अँपिअरच्या जोडणीवर ते पूर्ण क्षमतेने चालणार नाही. पुरेशा जाडीची तार, स्वतंत्र जोडणी, योग्य अर्थिंग आणि वीज कंपनीकडून वाढवून घेतलेला मंजूर भार यांची तजवीज आधी हवी. दाब फार कमी-जास्त होत असेल, तर ते सहन करणारे यंत्र निवडावे.

वायूसाठी शुद्ध आर्गॉनच वापरावा. पोलादासाठी मिळणारे कार्बन डायऑक्साइड मिसळलेले मिश्रण चालत नाही. त्याने टंगस्टन जळते आणि सांधा काळवंडतो. सात घनमीटरच्या सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर वायू असतो. मिनिटाला १० लिटर या वेगाने तो जवळजवळ साडेअकरा तास प्रज्योत चालवितो. सिलिंडर भरून मिळण्याचे ठिकाण किती दूर आहे, याचा विचार छोट्या गावातील उद्योजकाने अवश्य करावा.

यंत्राइतकेच हाताचे महत्त्व

चांगल्या सांध्याचे निम्मे काम प्रज्योत पेटण्यापूर्वीच होते. प्रथम तेल व ग्रीस पुसावे आणि मगच स्टेनलेस स्टीलच्या ब्रशाने घासावे. हा क्रम उलटा झाला, तर ग्रीस धातूत घासले जाते. तो ब्रश केवळ ॲल्युमिनियमसाठी राखून ठेवावा. लोखंडावर वापरलेला ब्रश सांधा नासवितो.

धातूची ओळख हीही महत्त्वाची. ६०६१ या मिश्रधातूसाठी ४०४३ किंवा ५३५६ या सळया वापरल्या जातात. पहिलीत सिलिकन व दुसरीत मॅग्नेशियम सुमारे पाच टक्के असते. सळई न घालता हा मिश्रधातू जोडला, तर थंड होताना तो चिरतो. विमानांच्या जातीतील ७०७५ सारखे मिश्रधातू तर या रीतीने जोडूच नयेत. उष्णतासंस्कारित ६०६१ चे ताणबल सांध्यालगत सुमारे ४० टक्क्यांनी घटते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. शिडी किंवा कठडा करताना सांधा कमी भाराच्या जागी ठेवणे अथवा तेथे जाडी वाढविणे हाच त्यावर उपाय. दिसायला सुबक असलेला सांधा माणसाचे वजन पेलेलच असे नाही, आणि येथे चुकीची किंमत हातापायाने मोजावी लागते.

याच कारणाने प्रशिक्षणाला पर्याय नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील वेल्डर हा व्यवसाय एक वर्षाचा असून त्यात टिग पद्धतीचा समावेश आहे. दोन्ही हात आणि एक पाय यांचा मेळ साधण्यास सराव लागतो. त्यासाठी लागणारे टाकाऊ तुकडे व वायू यांचा खर्च संस्थेने आणि कारखानदाराने गृहीत धरावा.

आरोग्याची काळजी

टिगच्या प्रज्योतीत धूर कमी दिसतो, म्हणून ती निर्धोक समजली जाते. वस्तुतः तिच्यातील अतिनील किरण प्रखर असतात आणि चकचकीत ॲल्युमिनियमवरून ते परावर्तित होतात. योग्य काचेचा मुखवटा, पूर्ण बाह्यांचे जाड सुती कपडे आणि चामड्याचे हातमोजे आवश्यक आहेत. शेजारी उभ्या असलेल्या शिकाऊ मुलाच्या डोळ्यांनाही तेवढाच धोका असतो. त्याच्यासाठी आडपडदा हवा. आर्गॉन हवेपेक्षा जड असल्याने टाकीत किंवा खड्ड्यात साचतो आणि वास न येता गुदमरवितो. क्लोरीनयुक्त द्रावकाने साफ केलेल्या धातूवर प्रज्योत पेटविल्यास विषारी वायू निर्माण होतो. इंधनाची टाकी संपूर्ण निर्धोक केल्याशिवाय तिला हात लावू नये.

निर्णय घेताना

प्रत्येक दुकानाने हे यंत्र घ्यावेच असे नाही. खिडक्या-दरवाजांच्या ॲल्युमिनियम चौकटी प्रामुख्याने स्क्रू व कोनपट्ट्यांनी जोडल्या जातात. तेथे वेल्डिंगची गरज नसते. जाड पट्ट्यांचे लांबलचक सांधे रोजचे असतील, तर मिग पद्धती अधिक वेगवान ठरते. दुरुस्ती, पातळ पत्रा, नळ्या, दुधाची व खाद्यपदार्थांची भांडी आणि नेटकी लहान कामे हे टिगचे खरे क्षेत्र होय.

कर्जासाठी अहवाल येतो, तेव्हा त्यात बहुधा यंत्राची किंमत तेवढी दाखविलेली असते. टॉर्च, पेडल, वायूचा नियंत्रक, सिलिंडर, तारजोडणी, मुखवटे, पंखा आणि सरावाचे साहित्य यांचा उल्लेख नसेल, तर तो अहवाल अर्धाच समजावा. जिल्हा उद्योग केंद्रातील व बँकेतील अधिकाऱ्यांनी या बाबी अर्जदाराकडून भरून घेतल्या, तर यंत्र कोपऱ्यात धूळ खात पडण्याचा प्रसंग टळेल.

पंचायतीने शिडी, कठडा किंवा नाव खरेदी करताना मिश्रधातू कोणता व सळई कोणती हे लेखी मागावे, आणि त्याच कारागिराने केलेला नमुन्याचा सांधा आपल्यासमोर वाकवून अथवा मोडून पाहावा. मोडलेल्या सांध्यात छिद्रे किंवा न मिसळलेली कड दिसली, तर माल नाकारावा. ही चाचणी करण्यास प्रयोगशाळा लागत नाही. पकड आणि हातोडा पुरतो. असा आग्रह धरणारा ग्राहक गावात असेल, तर चांगले काम करणाऱ्या कारागिरास गावातच काम मिळेल आणि गळका कॅन भंगारात न जाता पुन्हा दूध वाहू लागेल.