जॅकेट ऊब कुठून आणते?

काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात आम्ही काश्मीरमध्ये गुलमर्गला स्कीइंग शिकायला गेलो. सुमारे २,६५० मीटर उंचीवरचे ठिकाण. पुण्याच्या थंडीपलीकडची थंडी आम्हाला ठाऊक नव्हती, म्हणून भाड्याने मिळणाऱ्यांपैकी सर्वांत जाड जॅकेट घेतले. नवख्याला घसरण्याआधी चढावे लागते. स्की खांद्यावर घेऊन तीन-चारदा उतार चढल्यावर आम्ही घामाने निथळलो. मग आपल्या पाळीची वाट पाहत वाऱ्यात उभे राहिलो आणि दहा मिनिटांत दातावर दात वाजू लागले. एवढे जाड जॅकेट असून असे का व्हावे?

जॅकेट उष्णता तयार करत नाही. ती आपले शरीर अन्नापासून तयार करते. जॅकेट ती बाहेर जाण्याचा वेग कमी करते, तेही मुख्यतः तंतूंमध्ये अडकलेल्या स्थिर हवेच्या जोरावर. हवा उष्णतेची मंदवाहक आहे. पाण्याची उष्णतावाहकता तिच्या सुमारे २५ पट! घामाने ओल्या झालेल्या कापडात हवेची जागा पाणी घेते. शिवाय १ ग्रॅम घामाचे बाष्प होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. चढताना हे सोयीचेच असते. पण आपण थांबलो तरी कपड्यांतला घाम उष्णता खेचतच राहतो. शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले, तर जिवावर बेतू शकते.

म्हणजे बर्फावरच्या जॅकेटने दोन परस्परविरोधी कामे करायला हवीत. बाहेरचे पाणी आत येऊ द्यायचे नाही आणि आतले बाष्प कोंडायचे नाही. १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉन तापवून झटक्यात ताणले, तेव्हा त्याचे सच्छिद्र पटल तयार झाले. त्याची छिद्रे पाण्याच्या थेंबापेक्षा हजारो पटींनी लहान, पण बाष्पाच्या रेणूपेक्षा शेकडो पटींनी मोठी असतात. टेफ्लॉन पाण्याने भिजत नाही, त्यामुळे पृष्ठताणामुळे पाणी छिद्रांत शिरत नाही. बाष्प मात्र निघून जाते. काही जॅकेटांत याऐवजी पॉलियुरेथेनचा थर असतो.

जॅकेटच्या चिठ्ठीवर बहुधा दोन आकडे असतात. १०,००० मिलिमीटर म्हणजे कापड १० मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब सोसते. दुसरा आकडा १ चौरस मीटर कापडातून २४ तासांत किती ग्रॅम बाष्प जाते ते सांगतो. कोरड्या बर्फात दोन्ही आकडे १०,००० च्या आसपास असले तरी सहसा पुरते. मात्र बाष्प मोजण्याच्या पद्धती अनेक आहेत. पद्धत एकच असेल तरच दोन जॅकेटांची तुलना करावी.

जोराने चढताना कोणतेही पटल अपुरे पडते. म्हणून काखेत उघडता येणारी चेन आहे का, ते पाहावे. कमरेशी आणि मनगटाशी बर्फ अडवणारी पट्टी हवी. पुरुषांच्या मापाचे जॅकेट खांद्यांत रुंद असते. ते आतल्या कपड्यांवर घालून दोन्ही हात वर करावेत. पाठ उघडी पडता कामा नये. फार ढगळ घेतले, तर प्रत्येक हालचालीबरोबर आतली ऊबदार हवा बाहेर जाते. अंगालगत सुती बनियन नको, कारण सूत घाम धरून ठेवते. लोकर किंवा पॉलिएस्टर बरे. पिसांचे अस्तर हलके आणि उबदार असते, पण भिजले की चपटे होते.

वर्गात हे सहज दाखवता येईल. दोन पेल्यांत गरम पाणी घ्या. एकाच्या तोंडावर सुती कापड आणि दुसऱ्याच्या तोंडावर प्लॅस्टिकच्या रेनकोटचा तुकडा घट्ट बांधा. दोन्हींवर थंड आरसा धरा. कोणत्या आरशावर दव धरते? रेनकोटच्या आतल्या बाजूस काय दिसते? मग दोन्ही कापडांवर थोडे पाणी ओतून पाहा. यातले एकही कापड जॅकेटला का चालणार नाही, हे विद्यार्थी स्वतःच सांगतील.

पुढच्या खेपेला आम्ही पातळ जॅकेट आणि आत दोन लोकरी कपडे घेतले. चढताना एक कपडा काढून पिशवीत ठेवला आणि थांबल्यावर पुन्हा घातला. या वेळी दात वाजले नाहीत.