सही करण्याआधी सातबारा वाचा

वेल्ह्याहून पासलीवरून केळदला, मढे घाटाकडे जाणारा रस्ता आपल्या रोजच्या पायाखालचा. इकडे तोरणा, तिकडे राजगड. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात राजगड आहे. याचा आपल्याला अभिमान आहेच. पण गडाचं नाव झालं की आजूबाजूच्या जमिनीला गिऱ्हाईक येतं, आणि गिऱ्हाइकाच्या आधी एजंट येतो.

एजंट बहुधा ओळखीचाच असतो. तो वाईटच असतो असं आम्ही म्हणत नाही. पण व्यवहार झाला तरच त्याला कमिशन मिळतं, म्हणून घाई त्याला असते. आपण घाई करायचं कारण नाही.

पहिलं म्हणजे सातबारा आणि आठ-अ काढा. त्यावर कोणाकोणाची नावं आहेत ते वाचा. नवऱ्याच्या नावच्या जमिनीवर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायला लक्ष्मी मुक्ती योजना १९९२ पासून आहे. नवऱ्याने तलाठ्याकडे अर्ज करायचा असतो. ते काम गिऱ्हाईक दारात येण्याआधी करावं.

माहेरच्या जमिनीचंही तसंच. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. आधीच रीतसर वाटप झालेलं नसेल, तर त्या वेळी वडील हयात नव्हते म्हणून हा हक्क जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. म्हणून भाऊ किंवा एजंट "नुसती सही लागते" म्हणाला, तर तो कागद हक्कसोडपत्र आहे का, ते विचारा. हक्क सोडायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. पण न कळता सोडू नका.

आता व्यवहाराचे कागद. विसार पावती म्हणजे आगाऊ रकमेची पावती. साठेखत म्हणजे पुढे विकण्याचा करार. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवलं की जमीन दुसऱ्याची होते. कुलमुखत्यारपत्र दिलं, तर आपल्या वतीने दुसरा माणूस सह्या करू शकतो, म्हणून ते सगळ्यात जपून द्यावं. शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन घ्यायला साधारणपणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ती आहे का, हेही विचारा.

खरेदीनंतर फेरफार धरला जातो आणि संबंधितांना नोटीस निघते. हरकत असेल तर १५ दिवसांच्या आत लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. नोटीस चुलीमागे खोचून ठेवू नये.

आणखी एक. जमीन विकली की तिथे तारेचं कुंपण पडतं. झऱ्याची, सरपणाची, गुरांची वाट त्यातून जात असेल तर खरेदीखतातच तसं लिहून घ्या. वहिवाटीची वाट कोणी अडवलीच, तर मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दाद मागता येते.

विकणं हा गुन्हा नाही. लेकराच्या शिक्षणाला, दवाखान्याला पैसा लागतो. पण पैसा संपतो आणि विकलेली जमीन परत येत नाही. म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपापला सातबारा आणावा. जिला वाचता येतं तिने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा. आपलं नाव कुठे आहे आणि कुठे नाही, हे त्याच दिवशी कळेल.